पहिल्या रांगेवरचा माइक

"याला ने, पण त्याला परत दे." हेडफोनमध्ये आईचा आवाज इतक्या जवळून आला की मी मान वळवून मागे बघितलं. मागे दाराला टांगलेला माझा कोट होता, बाकी कोणी नव्हतं. टेप पुढे सरकत होती. मी बटण दाबून ती थांबवली, चक्रं हातानं मागे फिरवली आणि पुन्हा ऐकलं. "देवा, याला ने. हा असून नसल्यासारखाच आहे. याला ने, पण त्याला परत दे." मग एक सुस्कारा, मग शेजारच्या कुणा बाईची खुर्ची करकरली, आणि मग सभागृहातली सगळी माणसं प्रार्थनेचं दुसरं कडवं म्हणायला लागली. त्यांच्यात आईही म्हणायला लागली, तिच्या नेहमीच्या खणखणीत आवाजात, जणू मधे काही झालंच नव्हतं. 'हा' म्हणजे मी. आम्ही दोघंच भाऊ. त्यातला एक परत हवा आहे म्हटल्यावर न्यायला उरला कोण, हे कळायला फार डोकं लागत नाही. आमच्यात हुशार दादा होता हे खरं, पण मीही अगदीच ढ नव्हतो. मी टेप तिसऱ्यांदा ऐकली. कशासाठी ते माहीत नाही. दुखरा दात जिभेनं पुन्हा पुन्हा चाचपून बघतो, तसंच काहीतरी असेल.

लढाई जुंपली त्या दिवशी देशात पहिल्यांदा सगळ्यांनी मिळून प्रार्थना केली. लढाई कधीच संपली, प्रार्थना राहिली. दर वर्षी त्या तारखेला सकाळी कारखान्यांतली यंत्रं थांबतात, गाड्या जागच्या जागी उभ्या राहतात, कचेऱ्यांतले लोक चहाचे कप खाली ठेवून सरळ उभे राहतात, आणि रेडिओवरून मोठ्या सभागृहातली प्रार्थना देशभर जाते. घरोघरी लोक तिच्या सुरात सूर मिसळतात. ती आम्ही आठवडाभर आधीच ध्वनिमुद्रित करून ठेवतो, कारण थेट पाठवली तर देश फार खोकतो. साहेब, म्हणजे आमच्या रेडिओ केंद्राचे प्रमुख, दर वर्षी मला तेच बजावतात, "हे बघ, खोकला नको, शिंक नको, आणि रडारड तर अजिबात नको. ऐकणाऱ्याला देश कसा ठणठणीत वाटला पाहिजे." मग मी हेडफोन लावून बसतो आणि ब्लेडनं टेप कापून देशाचा खोकला काढतो, टोकं चिकटपट्टीनं जोडतो. टेबलाखालची टोपली तपकिरी तुकड्यांनी भरत जाते. प्रार्थनेची कडवी दोनच. पहिल्यात आमचं रक्षण कर असं आहे, दुसऱ्यात आम्हाला एक ठेव असं आहे, आणि दोन्हींच्या मधे मौन. मौनात ज्यानं त्यानं आपलं मागणं मनातल्या मनात मागायचं, असा नियम आहे. पण मनातल्या मनात मागणं फार थोड्यांना जमतं. बाकीचे पुटपुटतात. माइक उंच टांगलेला असला की त्या पुटपुटण्याचा नुसता एक गुंजारव येतो, आणि लोकांना वाटतं, वा, केवढी ही श्रद्धा. एखादा माइक खाली आला की मग कळतं देश काय मागतोय ते. देश गुडघे मागतो, बढती मागतो, सुनेला अद्दल घडव म्हणतो. एका वर्षी एका भारदस्त आवाजानं शेजाऱ्याच्या नव्या भिंतीला ओल येऊ दे अशी कळवळून विनवणी केली होती आणि लगेच पुढच्या कडव्यात छातीवर हात ठेवून 'आम्हाला एक ठेव' म्हटलं होतं. हात मला दिसला नव्हता, पण छातीवर हात दाबला की आवाज जरा बसतो. एवढं मला ऐकून कळतं. हे सगळं मी कापतो. देवाकडे काय जातं कोण जाणे, पण देशाकडे माझ्या हातून गेलेलं तेवढंच जातं.

त्या वर्षी पहिल्या रांगेवरचा माइक मीच हातभर खाली घेतला होता. पहिली रांग ज्यांची मुलं लढाईतून परत आली नाहीत अशा आयांची असते. आई तिथे कडेच्या खुर्चीवर बसते. तिचा गळा चांगला आहे आणि तिला ते ठाऊक आहे. दर वर्षी रेडिओ बंद करताना ती म्हणायची, "माझा आवाज काही येत नाही बाई. एवढा जीव तोडून म्हणते मी. तू काढून टाकतोस की काय रे?" मी सांगायचो की माइक उंच असतात, एकट्याचा आवाज येतच नाही, येऊ द्यायचा नसतो. तिला ते पटायचं नाही. दादा तिथे असता तर आला असता आवाज, असं ती बोलायची नाही, पण तिच्या भुवयांना मी चांगला ओळखतो. म्हणून त्या वर्षी सगळे जेवायला गेले तेव्हा शिडी लावून मी माइक खाली घेतला. म्हटलं, एकदा येऊ दे म्हातारीचा आवाज देशभर. आईला खूश करायला गेलो, एवढीच माझी चूक. चाळिशीला आलेल्या माणसानं हा नाद सोडून द्यायला हवा होता.

त्या दुपारी मी काम थांबवलं नाही. कापत होतो, जोडत होतो, आणि डोक्यात आमचं जुनं जेवणाचं टेबल आलं होतं. तेव्हा फर्मान निघालं होतं, घरटी एक. ज्या घरात दोन मुलगे त्यातला एक लढाईवर जाणार. पत्रक आलं त्या संध्याकाळी आईनं ते वाचलं, घडी घातली आणि माझ्याकडे बघितलं. दादाकडे नाही, माझ्याकडे. मग मी सांगितलं की रेडिओ केंद्रातल्या माणसांना यातून वगळलंय, आम्ही अत्यावश्यक आहोत. मला नुकतीच चिकटलेली ती नोकरी, तारा गुंडाळायची आणि माइक पुसायची. "तू अत्यावश्यक?" आई म्हणाली. दादा खो खो हसला. "अगं, याच्याशिवाय देशाला ऐकू कसं येणार?" त्यानं माझ्या पाठीत एक धपाटा घातला आणि म्हणाला, मी जातो, त्यात काय एवढं. दादा असाच होता, सगळ्यांना आवडायचा, मलाही आवडायचा, हीच तर पंचाईत. कॉलेजात वक्तृत्वाच्या स्पर्धेत 'राष्ट्राच्या जीवनात प्रार्थनेचे स्थान' या विषयावर बोलून त्यानं कप मिळवला होता. मीही बोललो होतो त्याच स्पर्धेत. तिसऱ्या वाक्यालाच माझी बोबडी वळली आणि मी खाली उतरलो. तो कप अजून आमच्या फडताळावर आहे, आई तो दर आठवड्याला घासते. त्या कपामुळेच पहिल्या प्रार्थनेच्या वेळी दादाला मंचावर, थेट माइकखाली उभं केलं होतं. मग तो गेला, आणि पुढे एक तार आली, त्यात मेला असं नव्हतं, सापडत नाही असं होतं. आईनं त्या तारेचा अर्थ स्वतःच्या सोयीनं लावला. जो सापडत नाही तो सापडू शकतो. त्याची खोली तिनं तशीच ठेवली, आणि मी आजही बैठकीतल्या कोचावर झोपतो.

आईचं वाक्य मी कापलं. ते कापावंच लागणार होतं, त्यात माझा मोठेपणा नाही. पण तुकडा हातात धरला आणि मला हसू आलं. देवाकडे जायला निघालेला अर्ज माझ्या टेबलावर येऊन अडकला होता. मग वाटलं, मंजूर का करू नये? निम्मा तर माझ्या हातात आहे. त्याचं असं की सभागृह आता पहिल्यासारखं भरत नाही. वरचा सज्जा तर पार ओस असतो. म्हणून जुन्या वर्षांच्या टेपा मी नव्या टेपेखाली हलक्या आवाजात मिसळतो, की गर्दी दाट वाटते. साहेब याला भराव म्हणतात. म्हणजे दर वर्षी जिवंत माणसांबरोबर कितीतरी मेलेली माणसंही देशासाठी प्रार्थना करतात, आणि खरं सांगायचं तर त्यांचा आवाज जास्त चांगला लागतो. मी कपाटातून पहिल्या वर्षाची टेप काढली. दादा लगेच सापडला. तो प्रत्येक ओळ अर्धा श्वास उशिरा उचलायचा आणि शेवटचा शब्द सगळे थांबल्यावरही जरासा ओढायचा, लहानपणापासूनची खोड. भरावातून त्याला दर वर्षी मी दाबत आलो होतो. त्या दिवशी मी त्याला वर काढलं. फार नाही. जिनं त्याला अंगाखांद्यावर वाढवलं तिलाच ओळखू यावा, इतका. तुला तो हवाय ना, मग घे, असं मी मोठ्यानं म्हणालो. बंद खोलीत माझा आवाज मला अगदी दादासारखा वाटला, आणि तेही मला आवडलं नाही.

प्रार्थनेच्या सकाळी शेजारच्या काकू आमच्याकडे आल्या होत्या. त्यांच्या रेडिओला खरखर फार. आई, काकू आणि मी, तिघं रेडिओसमोर उभे होतो. पहिलं कडवं झालं, मौन झालं. मौनात आईचे ओठ हलत होते आणि मी तिच्या ओठांकडे बघत होतो. दुसऱ्या कडव्याचा शेवटचा शब्द आला. सगळा देश थांबला आणि एक आवाज जरासा पुढे गेला, ओढत, लाडात आल्यासारखा. आईनं फडताळाची कड धरली. कप हलला.

"हा त्याचा आवाज," ती म्हणाली.

"कुणाचा हो?" काकूंनी विचारलं.

"माझ्या थोरल्याचा. शेवटी ओढतो तो. तू ऐकलंस ना रे? तुझ्या कानाला तर सगळं कळतं. ऐकलंस ना?"

"नाही बुवा," मी म्हणालो.

"नीट आठव. अगदी शेवटी."

"आई, यंदाच्या टेपेत कुठून येणार दादा? मीच जोडलीय ना ती. भास झाला तुला."

काकूंनी डोळ्यांना रुमाल लावला आणि आईच्या पाठीवर हात फिरवत म्हणाल्या, "होतं हो असं. आईचं मन." मला वाटलं होतं, आई रडेल, किंवा माझ्या अंगावर धावून येईल, किंवा वेड्यासारखी हसेल. तसं काही झालं नाही. तिनं काकूंचा हात बाजूला केला आणि माझ्याकडे बघितलं. पायांपासून डोक्यापर्यंत, सावकाश. कित्येक वर्षांत ती माझ्याकडे इतका वेळ बघत राहिली नव्हती. "तू बरा आहेस ना?" तिनं विचारलं. "छातीत वगैरे दुखत नाही ना काही?" आणि मला कळलं. सौदा सुरू झाला असं तिला वाटत होतं. एक हप्ता वरून आला होता, आता इकडून द्यायचा होता.

त्यानंतरचं वर्ष माझ्या आयुष्यातलं सगळ्यात सुखाचं वर्ष. लाज सोडून सांगतो. सकाळी माझ्यासमोर दूध यायला लागलं, साय न काढता. अंडी आली. मी जेवताना आई समोर बसून, हनुवटीखाली हात घेऊन, प्रत्येक घास बघायची. निघताना दारापर्यंत यायची. "रस्ता दोन्ही बाजूंना बघून ओलांड हं. घाई करू नकोस." माझ्या पाठीला टेप लावून तिनं माप घेतलं आणि स्वेटर विणला. आजवर मी दादाचे जुनेच घालत आलो होतो, ते मला खांद्यात उतरायचे. हा बरोबर बसला. संध्याकाळी कामावरून आलो की ती कपाळावर तळहात ठेवायची, ताप बघायला, आणि मी डोळे मिटून घ्यायचो. तिच्या हाताला भांड्यांच्या पावडरीचा वास येतो, हे मला तोवर माहीतच नव्हतं. हे सगळं कशापोटी चाललंय ते मला कळत होतं, आणि कळत असूनही गोड लागत होतं. बिचारीला पस्तावा झालाय, मी स्वतःला सांगायचो. रागाच्या भरात बोलून गेली, आता देवानं शब्द खरा केला तर काय, या धास्तीनं तिला खाल्लंय. कधी वाटायचं, सांगून टाकावं, आई, तो आवाज मीच घातला होता, कुणी मला नेत नाही. मग उद्यापासून दुधावर साय असेल का, असा विचार यायचा आणि मी गप्प बसायचो. एवढंच नाही, मी खोकायला लागलो. ज्या खोकल्याच्या जन्मभर पट्ट्या कापल्या तोच खोकला मी घरात शिरताना काढायचो, कोरडा, खोल, खात्रीचा. आई लगेच उठायची. पाणी द्यायची, पाठ चोळायची, मला कोचावर आडवं करायची, आणि मग दादाच्या खोलीत जाऊन खिडक्या उघडायची. त्याची गादी उन्हाला टाकायची. एकदा त्याचे बूट बाहेर काढून पॉलिश करत बसली होती. म्हातारपणी माणसाला काही ना काही चाळा लागतो, मी म्हणालो होतो, माझ्याशीच.

मला एकच गोष्ट हवी होती. तिनं ते वाक्य मागे घ्यावं. माझ्याजवळ येऊन नव्हे, तेवढं धाडस आम्हा दोघांतही नाही. जिथे मागितलं तिथेच मागे घ्यावं, त्याच मौनात, त्याच माइकखाली. 'देवा, चुकले, हाही राहू दे.' एवढं मला ऐकायचं होतं, एकदाच, हेडफोन लावून, आणि मग ती पट्टी टोपलीत न टाकता खिशात ठेवायची होती. म्हणून यंदा ध्वनिमुद्रणाच्या दिवशी पुन्हा शिडी लावली आणि माइक गेल्या वर्षीपेक्षाही खाली घेतला. आई नवा कोट घालून कडेच्या खुर्चीवर बसली होती. तिनं मान वर करून माइककडे बघितलं, मग माझ्याकडे बघून हसली. शिडीवरून जपून उतर, असं हातानं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दार लावून घेतलं. पहिलं कडवं झालं. आईचा आवाज सगळ्यांच्या वर, स्वच्छ. मग मौन लागलं. खुर्च्या करकरल्या, कुणीतरी नाक ओढलं, कुणी बदली मागितली. मग आई बोलली. भाजीवालीशी बोलावं तसं, जरा नाराजीनं, पण संबंध न तोडता.

"देवा, गेल्या वर्षी नुसता आवाज दिलास. मी काही बोलले नाही. म्हटलं, सुरुवात तरी केलीस. याला मी वर्षभर कुठं काही कमी पडू दिलेलं नाही. खातोपितो, अंग धरलंय. अधनंमधनं खोकतो, तेव्हा वाटतं, आला तुझा माणूस. मी खोली उघडून बसते. पण तू येत नाहीस. आता खळखळ करू नकोस. याला ने, आणि त्याला पुरता दे."

मग सुस्कारा. मग दुसरं कडवं. आम्हाला एक ठेव.

मी टेप थांबवली नाही. ती शेवटपर्यंत गेली आणि सुटून चक्रावर फट फट आपटत राहिली. मला फार वाईट वाटलं, इतकं की अंगातला स्वेटर काढून टाकावासा वाटला, पण काढला नाही. आईवर राग धरावा तर ती काय वेगळं मागत होती? सगळा देश वर्षानुवर्षं तेच मागतोय, आमचा राख, दुसऱ्याचा ने. फक्त तिच्या हिशेबात दुसरा मी होतो. दारावर टकटक झाली आणि साहेब आत आले.

"काय रे, टेप संपलीय आणि तू बसलायस काय असा? अडलं का काही?"

"नाही. मौनात एका बाईचा खोकला आलाय."

"मग काढ की. देशाला सर्दी झाली असं नको वाटायला." साहेब स्वतःच्या विनोदावर हसले आणि स्टुलावर बसले. मी ती जागा शोधली, ब्लेड चालवलं, टोकं जुळवली, पट्टी घासून बसवली. तुकडा टोपलीत टाकला. पुन्हा लावून साहेबांना ऐकवलं. मौन अखंड होतं, भरल्या सभागृहाचा मंद गुंजारव, आणि त्यातून सरळ दुसरं कडवं. जोड कुठे आहे ते मलाही कळलं नाही.

"सुरेख," साहेब म्हणाले. "आणि भराव? गेल्या वर्षीचा छान दाट वाटला होता."

पहिल्या वर्षाची टेप मी सकाळीच कपाटातून काढून टेबलावर ठेवली होती. मी ती हातात घेतली. "ही आता फार घासलीय, साहेब. शेवटी आवाज ओढल्यासारखा येतो. यंदा दुसरी घेतो. ही पुसून कोरी करू का? टेपांचा तुटवडाच आहे."

"कर की. जुनं किती साठवायचं."

पुसायच्या यंत्राला बोर्डावरचा वेगळा खटका आहे. मी टेप त्याच्या तबकडीवर ठेवली, खटका दाबला आणि ती सावकाश गोल फिरवली, दोन्ही बाजूंनी, कुठे काही राहू नये अशी. यंत्र घुंऽऽ करत राहिलं. मग ती मशीनवर चढवून खात्रीसाठी कानाला हेडफोन लावला. सभागृह नव्हतं, मंच नव्हता, अर्धा श्वास उशिरा येणारं कुणी नव्हतं. नुसती बारीक सरसर होती. मी तिच्यावर 'कोरी' अशी चिठ्ठी लावली आणि कपाटात ठेवून दिली.

बाहेर संध्याकाळ होत होती, गारठा पडला होता. घरी दूध तापवून झाकून ठेवलेलं असणार, आणि येत्या प्रार्थनेच्या सकाळी आई फडताळाची कड धरून शेवटच्या शब्दाची वाट बघत उभी राहणार, हे मला दिसत होतं. मी स्वेटर गळ्यापर्यंत नीट ओढून घेतला, आणि रस्ता दोन्ही बाजूंना बघून ओलांडला.